ऑर्डर ५७० विमानांची, मग वाट्याला जुनंच विमान का?

उलव्याच्या एका ताईंनी विचारलंय: "एअर इंडिया ग्रुपने ५७० नवी विमानं मागवल्याचं वाचलं. पहिल्या ऑर्डरला तीन वर्षं होत आली. तरी लांबच्या प्रवासाला जुनंच विमान मिळतं. एवढा पैसा आहे तर जुनी मोडीत काढून नवी का लावत नाहीत? आणि आमच्या घराजवळ नवी मुंबईचा एवढा मोठा विमानतळ झाला, तिथे या ग्रुपची एअर इंडिया एक्स्प्रेसच तेवढी का? सासू-सासऱ्यांना ऑगस्टमध्ये लंडनला पाठवायचंय, म्हणून विचारते."

ताई, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा बैजवार लिहितो. मी या धंद्यात ३१ वर्षं काढली. सुरुवात कलिन्याच्या हँगरमध्ये, मग टेक्निकल रेकॉर्ड्स म्हणजे विमानांची कागदपत्रं, मग भाड्याची विमानं मालकाला परत करण्याचं काम आणि शेवटची दहा वर्षं फ्लीट प्लॅनिंग, म्हणजे ताफ्यात कुठली विमानं हवीत आणि ती कुठे लावायची याचं नियोजन. राहतो ठाण्यात, पाचपाखाडीला. या ग्रुपमध्ये मी कधी नोकरी केलेली नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल जे लिहितो ते जाहीर झालेलं आहे, आणि त्याचा अर्थ मी माझ्या अनुभवावरून लावतोय.

आधी ५७० चा आकडा फोडून बघू, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर जाहीर झाली, २५० एअरबस आणि २२० बोइंग. डिसेंबर २०२४ मध्ये एअरबसची आणखी १००. आता यातली लांब पल्ल्याची मोठी विमानं किती? पहिल्या ऑर्डरमध्ये एअरबसची ए३५० ४०, बोइंगची ७८७-९ २० आणि ७७७एक्स १०. दुसऱ्या ऑर्डरमध्ये १० ए३५०. सगळी मिळून ८०. उरलेली ४९० ही ए३२० आणि ७३७ च्या जातीची, म्हणजे दिल्ली, बंगळुरू, दुबई अशा जवळच्या फेऱ्यांची. ५७० ऐकून आपल्या डोळ्यांसमोर लंडनचं विमान येतं, पण त्यातली लंडनच्या कामाची सातात एक. शिवाय त्यातली बहुतेक उशिरा येणारी.

उशीर का होतो, ते ठाण्याच्या माणसाला समजवायला सोपं आहे. घोडबंदर रोडवर बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक करतो तसंच हे. बुकिंगला थोडी रक्कम, मग काम पुढे सरकेल तसे हप्ते, मोठा पैसा पझेशनच्या वेळी. तोवर जुन्या घरातच राहायचं. ५७० विमानांचे पैसे कुणी एका दिवसात मोजलेले नसतात आणि ५७० विमानं कुठे तयार उभीही नसतात. अनेकदा कंपनी पझेशनच्याच दिवशी विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकते आणि तिच्याकडूनच भाड्याने घेते. म्हणजे भांडवल अडकत नाही.

आणि या टॉवरचा बिल्डर सध्या फार मागे आहे. २०२४ या सबंध वर्षात एअरबसने जगभरात ७६६ विमानं दिली आणि वर्षअखेर त्यांच्याकडे ८,६०० हून जास्त विमानांच्या ऑर्डरी बाकी होत्या. भागाकार करा, अकरा वर्षांचं काम. बोइंगने त्याच वर्षी ३४८ दिली. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागचा तुकडा हवेत उडाला. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकाने मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं आणि शरद ऋतूत कामगारांचा सात आठवडे संप झाला. ७७७एक्स मुळात २०२० मध्ये यायचं होतं, ते आता २०२७ वर गेलंय. भरीला खुर्च्यांचा तुटवडा. बिझनेस क्लासच्या खुर्च्या करणारे कारखाने जगात मोजके, आणि खुर्चीच्या प्रत्येक नव्या प्रकाराला आघाताच्या चाचण्या पास कराव्या लागतात. विमान तयार, इंजिनं लागलेली, आणि आत खुर्च्या नाहीत म्हणून उभं, हे आता नवलाचं राहिलेलं नाही.

मग मधली वर्षं कशी काढायची? कुठल्याही एअरलाइनचा ताफा बदलण्याचा बेत खरा किती, हे मी याच प्रश्नावरून ओळखतो. ऑर्डर देताना हातात लेखणी लागते. ती विमानं येईपर्यंत गाडा चालवायला हँगर लागतो, सुटे भाग लागतात, वैमानिक लागतात.

या ग्रुपने मधल्या काळासाठी जे केलं ते मला बऱ्यापैकी शहाणपणाचं वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांच्या हातात आली तेव्हा सुट्या भागांअभावी बरीच विमानं जमिनीवर उभी होती. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, याला आम्ही हँगरमध्ये 'रॉब' करणं म्हणतो. एकदा ती सवय लागली की उभं विमान महिन्यागणिक पोकळ होत जातं. ती विमानं आधी उडती केली. मग भाड्याने घेतली, त्यात डेल्टाने वापरून सोडलेली ७७७-२००एलआर होती. आणि तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्यासाठी बांधलेली विमानं उचलायची. पहिली सहा ए३५०-९०० रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बांधली गेली होती. निर्बंधांमुळे ती रशियाला गेली नाहीत, म्हणून इथे पहिलं विमान डिसेंबर २०२३ मध्येच उतरलं आणि २२ जानेवारी २०२४ ला प्रवासी घेऊन उडालंही. एक्स्प्रेसला मिळालेली कितीतरी ७३७ मॅक्स अशीच, चिनी कंपन्यांसाठी बांधलेली. अशा विमानांना धंद्यात व्हाइट टेल म्हणतात, शेपटीवर मालकाचं चित्र नसलेली. तयार फ्लॅट लगेच मिळतो, पण टाइल्स दुसऱ्याच्या पसंतीच्या. चिनी कंपन्यांच्या हिशोबाने पुढे बिझनेसच्या खुर्च्या होत्या, आणि एक्स्प्रेस तर स्वस्त प्रवासाची कंपनी. म्हणजे नवीन विमान घेऊनही त्याच्या आतल्या खुर्च्या बदलण्याचं काम आलंच.

आता तुमचा थेट प्रश्न: जुनी मोडीत का काढत नाहीत?

पहिलं कारण साधं आहे. एक मोठं विमान काढलं की एक मार्ग बंद होतो. याचं उदाहरण ताजं आहे. ग्रुपची २६ ७८७-८ विमानं आतून पूर्ण नवी करायचं ठरलं आणि जुलै २०२५ मध्ये पहिलं विमान कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की १ सप्टेंबरपासून दिल्ली–वॉशिंग्टन बंद. कारणं दोन दिली: दुरुस्तीमुळे विमानं कमी पडताहेत, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश बंद असल्यामुळे फेरा लांबलाय. दुसरं कारण नीट लक्षात घ्या. प्रत्येक फेरीला जास्त तास लागले की त्याच विमानाच्या आठवड्याच्या फेऱ्या कमी होतात. विमानं तेवढीच, तरी ताफा आपोआप लहान होतो. अशा वेळी दोन-तीनपेक्षा जास्त विमानं एकाच वेळी कामाला काढणं कुठल्याही प्लॅनरच्या छातीत होत नाही. म्हणून २६ विमानांचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि तुम्हाला जुनं विमान मिळतं ते या रांगेत अजून नंबर न आलेलं.

दुसरं कारण बाहेरच्यांना दिसत नाही: विमान सोडणं हेच मोठं खर्चाचं काम आहे. माझ्या डोळ्यांसमोरचं एक सांगतो. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचं भाड्याचं एक लहान जेट परत करायचं होतं. विमान कलिन्याला हँगरमध्ये, रंग काढून पांढरं केलेलं. मालक कंपनीचा माणूस आयर्लंडहून आला. त्याने इंजिनात बोरोस्कोपची, म्हणजे आतलं दाखवणारी बारीक नळी घालून एकेक पातं पाहिलं. खुर्च्यांखालच्या रुळांना गंज किती, ते गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात मापलं. सगळं ठीक. मग त्याने लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या पायाच्या, एका पिनचा कागद मागितला. विमानातल्या काही भागांचं आयुष्य ठरलेलं असतं, आणि त्यांचा जन्मापासूनचा इतिहास लागतो: कारखान्यातून निघाल्यापासून कुठल्या विमानावर, किती लँडिंग. आमच्या पिनचा मधल्या मालकाकडचा एक कागद नव्हता. पिन हातात घेतली तर चकचकीत, मापात बरोबर. पण कागद नाही म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य शून्य.

तुर्भ्याला एका गोदामात आमच्या जुन्या रेकॉर्ड्सची खोकी होती. मे महिना होता. मी आणि दोन मुलं त्या पंखा नसलेल्या गाळ्यात नऊ दिवस खोकी उपसत होतो. कागद सापडला तो भलत्याच विमानाच्या खोक्यात, चहाचा डाग पडलेला, शिक्का मात्र वाचता येणारा. शिक्का दिसल्यावर त्यातला एक मुलगा खाली बसून रडला. तोवर विमान उडत नव्हतं आणि भाडं रोज चालू होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, त्या शेपटीचे पैसे किती होतात ते मी तेव्हा शिकलो.

स्वतःच्या मालकीचं विमान असलं तरी ते पटकन जात नाही. एअर इंडियाच्या ७४७ विमानांनी प्रवासी वाहणं २०२१ मध्येच थांबवलं होतं. शेवटच्यांपैकी एकाने मुंबई सोडली ती २२ एप्रिल २०२४ ला. उड्डाण घेतल्यावर वैमानिकाने पंख दोन्हीकडे झुकवून शहराचा निरोप घेतला. ज्यांनी त्या विमानांवर हात काळे केले, त्यांच्यापैकी अनेकांना त्या दिवशी गलबलून आलं, मलाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुनं विमान म्हणजे असुरक्षित विमान, हे समीकरण मनातून काढा. खुर्ची मोडकी असणं, स्क्रीन बंद असणं ही ग्राहकाची फसगत आहे आणि त्याबद्दल तक्रार केलीच पाहिजे. पण विमान उडण्यालायक आहे की नाही हे वयावर ठरत नाही, ठरावीक तासांनी आणि ठरावीक वर्षांनी होणाऱ्या तपासण्यांवर ठरतं. मोठ्या तपासणीत फरशी उचलतात, आतली पॅनेल्स उतरवतात, सांगाडा उघडा करून चीर, गंज शोधतात. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातात विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली. त्यानंतर कित्येकांनी मला विचारलं, जुन्या ७८७ मध्ये बसू का? तपास ज्यांचं काम आहे त्यांनी तो पुरा करावा. तोवर विमानाच्या वयाला दोष देणं मला जबाबदारीचं वाटत नाही. त्या घटनेनंतर तपासण्यांसाठी कंपनीने मोठ्या विमानांची परदेशी उड्डाणं काही काळ १५ टक्क्यांनी कमी केली. प्रवाशांना त्रास झाला, पण प्लॅनर म्हणून मी तेच केलं असतं.

मग नवी विमानं हवीतच कशाला? मुख्य कारण इंधन. आपल्याकडच्या एअरलाइनच्या खर्चात साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, इंधनाचा असतो. ए३२०निओ जुन्या ए३२० पेक्षा १५ ते २० टक्के कमी इंधन पिते. शिवाय भाडं, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती हे सगळं डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयांत. रुपया घसरला की पहिला मार इथे बसतो. पण नव्यालाही नवी दुखणी असतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांच्या तक्रारींमुळे गो फर्स्टची निम्मी विमानं उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांची विमानं नवीच होती. म्हणून सगळा ताफा एका झटक्यात बदलणाऱ्या बेताची मला भीती वाटते. थोडी जुनी, ओळखीची विमानं हाताशी असणं हा विमाच असतो.

आता नवी मुंबईकडे येऊ. तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ इथेच बसते.

टाटांकडे चार एअरलाइन्स झाल्या होत्या. एअरएशिया इंडिया १ ऑक्टोबर २०२४ ला एक्स्प्रेसमध्ये मिसळली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात. उरल्या दोन. एअर इंडिया लांब पल्ल्याची, जोड उड्डाणांची, जेवणखाण देणारी. एक्स्प्रेस कमी तिकिटाची, एका शहरातून दुसऱ्या शहरात थेट नेणारी. दोन्हींचं गणित वेगळं आहे. लंडनचं विमान नुसत्या मुंबईकरांवर भरत नाही. त्यात नागपूरहून, इंदूरहून येऊन विमान बदलणारे असतात आणि पोटात माल असतो. हे सगळं एका छताखाली असेल तरच जमतं. निम्मी उड्डाणं सांताक्रूझ-सहारला आणि निम्मी उलव्याला ठेवली तर इंदूरच्या प्रवाशाने बॅगा घेऊन वाशी खाडी किंवा अटल सेतू ओलांडायचा का? म्हणून जोड उड्डाणांचा पसारा जुन्या विमानतळावरच राहतो. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळणं मुश्कील. एक्स्प्रेससारखीला तिथे वाढायला जागा नाही आणि जोड उड्डाणांची तेवढी गरजही नाही.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे, एक टर्मिनल, ३,७०० मीटरची एक धावपट्टी. ग्रुपने इथून सुरुवातीला रोज २० उड्डाणं, १५ शहरांसाठी, एक्स्प्रेसतर्फे जाहीर केली होती. २०२३ मध्ये राज्याने विमानाच्या इंधनावरचा व्हॅट मुंबई आणि पुण्याबरोबर रायगड जिल्ह्यातही २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, त्याचाही उपयोग इथे होतो. पण माझ्या मते मोठं कारण ताफ्यातच आहे. ग्रुपकडे सगळ्यात वेगाने जी विमानं आली ती एक्स्प्रेसची मॅक्स. नवा विमानतळ उघडताना लावायला तीच हाताशी होती. मोठ्या विमानांची ओढाताण चालू असताना नव्या जागी ती कोण अडकवेल? तुमच्या गॅलरीतून दिसणारं एक्स्प्रेसचं विमान बहुधा नव्या ऑर्डरीतलंच असेल, फक्त ते लंडनला जाणारं नाही.

मोठी विमानं इथून कधी उडतील ते मोठ्या विमानांच्या पझेशनवर, पाकिस्तानच्या आकाशावर आणि मेट्रो-रेल्वे विमानतळाच्या दारापर्यंत कशी पोचते त्यावर अवलंबून राहील. आणि वैमानिकांवर. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती विमानं कमी पडून नव्हे, विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक हाताशी नव्हते म्हणून. त्यामुळे या ग्रुपच्या बातम्यांत मला सगळ्यात आशेची वाटते ती अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरची वैमानिक शाळा. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा बेत आहे. आपल्या विदर्भातली मुलं तिथे शिकून तुमच्या उलव्यातून उडाली तर मला फार आनंद होईल.

आता सासू-सासऱ्यांचं तिकीट. पैसे भरण्याआधी सीट मॅप उघडा. जुन्या ७८७-८ मध्ये दोनच वर्ग असतात, बिझनेस आणि इकॉनॉमी. मधे प्रीमियम इकॉनॉमीच्या रांगा दिसल्या तर ते विमान नवं (ए३५०सारखं), आतून नवं केलेलं, विस्ताराकडून आलेलं किंवा भाड्याने घेतलेलं असतं. विमानाचं नावही तिथेच लिहिलेलं असतं, ए३५०-९०० दिसलं तर उत्तम. मात्र विमान आयत्या वेळी बदलू शकतं, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी सीट मॅप पुन्हा बघा. मुंबईहून थेट जाणारं जुनं विमान आणि दिल्लीला बदलून मिळणारं नवं, असा पेच पडला आणि त्यांचं वय सत्तरीच्या पुढे असेल, तर मी डोळे झाकून थेट घेईन. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, काउंटरवर सांगू म्हणून सोडू नका. आणि ऑगस्टचा पाऊस धरून उलव्याहून सहारला निघताना नकाशा दाखवेल त्यापेक्षा दीड तास आधी निघा.